महिनाअखेरपर्यंत ओके

माझ्या घरात 'ओके' म्हणायला बंदी आहे. सूनबाई नवी होती तेव्हा तिला ही गंमत वाटली. विसरून ती दोनदा म्हणाली आणि मी भरल्या ताटावरून उठलो, तेव्हा तिला कळलं की म्हातारा चेष्टा करत नाही. मुलगा तिला समजावत होता, "बाबांना बीपी आहे, तू आपलं 'बरं' म्हणत जा." बीपी आहे, नाही असं नाही. पण हा राग गोळीने उतरणारा नाही, कारण त्यातला निम्माअधिक माझा माझ्यावरच आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बाहेरच्या माणसाला हे पद फार भारी वाटतं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना मी सरकारी अधिकारी वाटलो होतो. प्रत्यक्षात माझ्याजवळ मापं घ्यायला एक व्हर्निअर, चार-सहा गेज, एक रबरी शिक्का आणि हिरव्या, पिवळ्या, लाल चिठ्ठ्यांचे गठ्ठे असत. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवायचो. पत्रा प्रेसखाली ठेवायचा, प्रेस खाली येते, पत्र्याला आकार येतो, तुकडा उचलायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. माल बरोबर असेल तर मी हिरवी चिठ्ठी लावायची, शंका असेल तर पिवळी, बाद असेल तर लाल. हिरव्या चिठ्ठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असत. ती दोन अक्षरं लावायचा मला पगार मिळे.

लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मला पाच वर्षं पुरला. हिरवे महिन्याला संपत. यावरून आमचा माल उत्तम होता असा अर्थ कुणी काढू नये.

आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल तपासायला एक गृहस्थ यायचे. आम्ही आपसात त्यांना चिवडासाहेब म्हणायचो. सकाळी आले की आधी चहा, मग वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गप्पा, मग जेवण. जेवणानंतर त्यांच्या गाडीत चार किलो चिवडा आणि हंगाम असेल तर द्राक्षांची पेटी जाऊन बसायची. मग ते पेन काढायचे आणि न उघडलेल्या खोक्यांच्या कागदांवर 'ओके' लिहायचे. एकदा मी भाबडेपणाने म्हणालो, "सर, एक खोकं उघडून दाखवू का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या मुलीचं वय विचारलं. संध्याकाळी वर्क्स मॅनेजरने मला बोलावून घेतलं. "पाटणकर, पाहुण्याच्या ताटात आपण हात घालतो का?" मी नाही म्हणालो. हे लिहितानाही माझे कान तापतात. नाही म्हणालो, आणि पुढेही असंच म्हणत राहिलो.

सगळ्या कारखान्यात हा शब्द न वापरणारा एकच माणूस होता, टूलरूमचे खान मिस्त्री. मूळचे मालेगावचे, राहायला देवळाली कॅम्पात. त्यांच्याकडून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, दुरुस्त होऊन आला की मी विचारायचो, "मिस्त्री, ओके?" ते काम न थांबवता म्हणायचे, "ओके क्या होता है? माप बोल. पच्चीस पॉइंट दो है, तो पच्चीस पॉइंट दो लिख. कल को कोई पूछेगा तो जवाब देने को कुछ तो रहेगा." मी हसून शिक्का मारायचो. त्यांच्या वहीत मात्र सगळीकडे आकडे असत.

नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकांनी अट घातली की कारखान्याला क्वालिटीचं परदेशी सर्टिफिकेट पाहिजे. झालं. कँटीनच्या वरचा हॉल रंगवला, पुण्याहून टायवाले शिक्षक आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर 'ओके' लिहिलं आणि विचारलं, हा शब्द कुठून आला? मग त्यांनीच सांगितलं. म्हणे, फार पूर्वी अमेरिकेत वर्तमानपत्रवाल्यांना शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती. 'सगळं बरोबर' या अर्थाचे इंग्रजी शब्द असेच वेडेवाकडे लिहून त्यांनी ही दोन अक्षरं काढली. पुढे एका निवडणुकीत कुणाच्या तरी प्रचारात या शब्दाच्या घोषणा झाल्या, मग तारखात्याने उचलला आणि तो जगभर गेला. कुणी म्हणतं हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, कुणी आणखी कुठला सांगतं. जगातल्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या शब्दाच्या बापाबद्दल एकमत नाही, असं शिक्षक म्हणाले आणि हॉल हसला. मागच्या रांगेतून खान मिस्त्रींचा आवाज आला, "मतलब मज़ाक में पैदा हुआ है." तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो.

आज बसून विचार करतो तेव्हा वाटतं, आपल्याकडे या कामाला किती चांगले शब्द होते. 'बरोबर' म्हणजे मापात आहे. 'चालेल' म्हणजे मापात नाही, पण काम भागेल. 'बरं' म्हणजे तुमचं ऐकलं, करीन की नाही ते माझ्या मर्जीवर. 'असू दे' म्हणजे चूक दिसली पण सोडून देतो. ऐकणाऱ्याला लगेच कळायचं की बोलणारा कुठे उभा आहे. या एका पाहुण्याने सगळ्यांना घराबाहेर काढलं. वर्क्स मॅनेजर फोनवर गिऱ्हाइकाला ओके म्हणायचा, शिपाई चहा आणायला सांगितल्यावर ओके म्हणायचा, मी बाद तुकड्याला ओके म्हणायचो, आणि ट्रकच्या मागे तर तो हॉर्नच्या शेजारी जाऊन बसला, तिथे त्याचं काय काम आहे ते आजपर्यंत मला कुणी धड सांगू शकलेलं नाही.

सर्टिफिकेटाबरोबर आला तक्ता. इथे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळं त्या तक्त्यावरच घडलं. प्रत्येक प्रेसला एक कागद टांगलेला. डाव्या बाजूला आठ गोष्टी लिहिलेल्या: तेल, बेल्ट, दिवा, क्लच वगैरे. वर एक ते एकतीस तारखा. रोज सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी प्रत्येक गोष्ट तपासायची आणि 'ओके' की बिघाड ते चौकटीत लिहायचं. आमच्या प्रेस जुन्या, पायाने चालणाऱ्या होत्या. पायपट्टी एकदा दाबली की वरचा ठोकळा एकदा खाली येऊन वर थांबला पाहिजे. क्लच झिजला असेल तर तो कधीतरी वर थांबत नाही, पट्टी न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो. याला आम्ही 'डबल मारणं' म्हणायचो. ते तपासायला पत्रा न ठेवता दहा ठोके मारायचे आणि ठोकळा दर वेळी वर थांबतो की नाही ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. बारा प्रेस, म्हणजे चोवीस मिनिटं. ती चोवीस मिनिटं मला कुणी दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत.

आम्ही काय करायचो ते सांगतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी बाराही तक्ते घेऊन बसायचो आणि महिनाअखेरपर्यंत भरून टाकायचो. सुट्टीच्या चौकटी तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. तीन वेगवेगळी पेनं वापरायची, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतं. अधूनमधून तेलाचं बोट लावायचं, कोपरे चुरगाळायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता. सर्टिफिकेटवाले तपासायला आले तेव्हा त्यांनी आमचे तक्ते बघून मान डोलावली होती.

आता नामदेवचं. नामदेव आमच्याकडे प्रेसवर होता, गिरणारे गावचा, घरची थोडी बागायत, गुलाब आणि भाजी. सकाळची शिफ्ट करून दुपारी तो गावात आणि आसपासच्या नर्सऱ्यांत गुलाबाचे डोळे भरायला जायचा. गावठी गुलाबाच्या सालीला चीर देऊन तिच्यात कलमी गुलाबाचा डोळा बसवतात. नखाएवढा तो डोळा, बोटांच्या शेंड्यांनीच बसवावा लागतो. नामदेवने भरलेल्या शंभरातले फार तर चार-पाच वाया जायचे, असं त्याच्या गावचे लोक सांगायचे. एरवी अबोल, पण गुलाबाचं काढलं की थांबायचा नाही. आमच्या गॅलरीतल्या दोन कुंड्या त्यानेच दिलेल्या.

एका दुपारी सुटताना खान मिस्त्रींनी मला गेटवर गाठलं. "पाटणकर, पाँच नंबर डबल मारता है. मैंने मेंटेनन्स को बोला है, लाल चिठ्ठी भी लगाई है. तू सुबह देख लेना, मैं मालेगाव जा रहा हूँ, बेटी की शादी है." मी म्हणालो, "ओके."

दुसऱ्या दिवशी महिन्याची पंधरा तारीख होती. सकाळी मी आलो तेव्हा पाच नंबरवर लाल चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, क्लच बदलला. वाटलं, एवढंच. खरं म्हणजे माल त्याच दिवशी जायचा होता आणि कुणीतरी वरून सांगून चिठ्ठी काढायला लावली होती. पाच नंबरचा नेहमीचा माणूस रजेवर होता, म्हणून नामदेवला तिथे बसवलं होतं. त्याला चिठ्ठीचं काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्यासमोरून गेलो. त्याने मान हलवली, मी मान हलवली. दहा ठोके मारून बघायचं माझ्या मनात आलं होतं. खोटं नाही बोलत, आलं होतं. पण तक्त्यात पंधरा तारखेचं लिहून झालेलं होतं.

चहाच्या सुट्टीच्या आत आरडाओरडा झाला. मी पोचलो तेव्हा दोघांनी नामदेवला धरलं होतं आणि तिसऱ्याने त्याचा उजवा हात टॉवेलात गुंडाळला होता. तो रडत नव्हता. "माझा पाय पट्टीवर पडला का? साहेब, माझा पाय पडला का?" एवढंच तो पुन्हापुन्हा विचारत होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेल्यावर वर्क्स मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पाच नंबरचा तक्ता होता. "हे काय आहे, पाटणकर?" मी बघितलं. त्या कागदानुसार पाच नंबरचा क्लच पंधरा तारखेला ओके होता, सोळाला होता आणि सुट्ट्या सोडून एकतीस तारखेपर्यंत ओके राहणार होता. त्याने तो कागद मधोमध फाडला. मला वाटलं, आता मला काढणार. त्याने ड्रॉवरमधून कोरा तक्ता काढला. "पंधरापर्यंतच भरा. इथे बसून भरा."

मी भरला. हे वाक्य मी अनेक वर्षं वेगळ्या तऱ्हेने मनात बोलून पाहिलं, पण ते असंच आहे. मुलगा दहावीला होता, घराचे हप्ते होते, ही कारणं खरी आहेत आणि ती सांगायची मला लाज वाटते. तीन पेनं वापरली. तेलाचं बोटही लावलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. बघून उतरवायला फाटलेले दोन तुकडे माझ्यासमोर होते. ते मी कचऱ्यात न टाकता डब्याच्या पिशवीत घातले. का, ते तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आले. तक्ता पाहिला. "तुम्हीच तपासता?" "हो, सर." "त्या दिवशी क्लच?" "ओके होता, सर." त्यांनी लिहून घेतलं. यंत्र बरोबर होतं, म्हणजे पाय पडला असणार, म्हणजे कामगाराचा निष्काळजीपणा. कायद्याने मिळायचं ते नामदेवला मिळालं. पण निष्काळजी माणसाला गेटवर वॉचमन म्हणून सुद्धा ठेवता येत नाही असं कंपनीने ठरवलं आणि तो गेला. वर्क्स मॅनेजरने मला बोलावून चहा पाजला. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याला वरच्या हुद्द्याची नोकरी लागली, निरोपसमारंभात मी हारही घातला.

खान मिस्त्री आठ दिवसांनी लग्न उरकून आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "पाटणकर, सुबह देखा था?" मी खाली बघितलं. निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, आणि मला त्यांच्याशी बोलायचं तोंड नव्हतं.

मग दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाल्यानंतरची गोष्ट. मी निवृत्त झालो होतो. गंगापूर रोडला रविवारी रस्त्याकडेला रोपवाले बसतात, तिथे सूनबाईला तुळशीचं रोप हवं म्हणून गेलो. एका रोपवाल्याने हाक मारली, "पाटणकर साहेब ना?" नामदेव होता. केस पांढरे झालेले. शेजारी त्याची बायको गुलाबाला डोळे भरत होती आणि तो उरलेल्या बोटांनी काडी धरून तिला मदत करत होता. त्याने माझ्यासाठी पोतं झटकून टाकलं, चहा मागवला. चौकशा केल्या. मीच विषय काढला, कसा काढला देव जाणे. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. माझाच पाय पडला. कंपनीचा काय दोष त्यात? आदल्या रोजी भाजीला पाणी भरायला जागलो व्हतो, तेच्यात डुलकी लागली आसंल." बायको मान वर न करता म्हणाली, "धांदरटच हायेत हे पैल्यापासून. हातात काही द्यायची सोय नाय." तो हसला. हे बोलणं घरात किती वर्षं चाललं असेल, ते त्या हसण्यावरून कळत होतं. त्याने मला पैसे न घेता एक गुलाब दिला.

तो गुलाब घेऊन मी घरी आलो आणि आठवडाभर कुणाशी नीट बोललो नाही. सूनबाईने 'ओके' म्हटलं आणि मी ताटावरून उठलो तो हाच आठवडा. पुढच्या रविवारी कपाटातून ते दोन तुकडे काढले, चिकटपट्टीने जोडले आणि गेलो.

नामदेवला कागद दाखवला. बोट ठेवून सांगितलं: हा क्लचचा रकाना, ही तुमची तारीख, आणि हे बघा, पुढच्या तारखा. हे सगळं मी एक तारखेलाच लिहिलं होतं. त्या दिवशी मी काहीच तपासलं नव्हतं. पाच नंबर डबल मारत होतं, खान मिस्त्रींनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तुमचा पाय पडला नव्हता.

त्याने कागद हातात घेतला आणि पुढच्या तारखांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटत होतं. तो म्हणाला, "म्हंजे मी डुलकी नव्हती घेतली."

"नाही."

"पाय पट्टीवर नव्हता."

"नसणार. प्रेस आपोआप आली."

त्याने बायकोला हाक मारली. ती रोपांना पाणी घालत होती. "इकडं ये. साहेब काय सांगत्यात ते ऐक. साहेब, हिला सांगा. पयल्यापासून सांगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने हात पदराला पुसले, कागद घेतला, उलटसुलट केला. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "मंग इतकी वर्सं तुम्ही कुठं व्हते?"

ती कागद माझ्या हातात देऊन परत पाण्याकडे गेली, आणि जाताना नवऱ्याच्या पाठीवर तिने एकदा हात ठेवला, ते मी पाहिलं.

मी म्हणालो, "नामदेव, मी काय करू ते सांगा. कुठे येऊन सांगायचं असेल तिथे येतो. तुमच्या गावात येतो." एक गिऱ्हाईक आलं, त्याला मोगरा दिला, सुटे दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी तवा कागदावर लिवलं ना? मंग आता बी कागदावरच लिवा. अक्षर चांगलं हाय तुमचं. छापून आलं पायजे. माझी पोरगी वाचंल, ती मास्तरीण हाय."

म्हणून हा लेख. संपादकांनी मागितला होता गमतीदार आठवणींचा, त्यांना नाराज केल्याबद्दल क्षमा मागतो. खान मिस्त्री आता नाहीत, असते तर त्यांना आधी वाचायला दिला असता. नामदेवच्या मुलीने वाचावं म्हणून माप लिहितो. त्या महिन्याच्या पंधरा तारखेला सकाळी पाच नंबरच्या प्रेसवर तपासणीचे दहा ठोके मारायला हवे होते. मारले शून्य. तपासणारा मी होतो.